आठ जाकिटांचं माप

२ मार्च, सोमवार

ही डायरी एका सुट्टीच्या कंपनीकडून फुकट मिळाली आहे, आणि फुकटचं वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून लिहायला बसले. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक चित्र आहे. कुठे डोंगर, कुठे पाणी, कुठे टॉवेलचा हंस करून ठेवलेला पलंग. आजच्या पानावर हंस आलाय. टॉवेलला इतक्या घड्या घातल्यावर अंग कशाला पुसायचं, हे काही त्यांनी लिहिलेलं नाही.

काल दादाने आम्हा सगळ्यांना त्या सुट्टीच्या कंपनीच्या कार्यक्रमाला नेलं. दादा, वहिनी, धाकटी, धाकटीचा नवरा आणि मी. हॉटेलातला थंडगार हॉल, प्रत्येक टेबलाला एक टाय घातलेला माणूस. आमचा टायवाला दोन तास बोलत होता, मध्ये पाणीसुद्धा प्यायला नाही. मुद्दा इतकाच, की एकदा सदस्य व्हायचं आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टवर राहायचं. आम्ही तीन घरं मिळून एक सदस्यत्व घ्यायचं, असं दादाच्या मनात आहे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "आता सगळे एकत्र जाऊ. तूसुद्धा."

ते 'तूसुद्धा' ऐकलं आणि माझं सगळं शहाणपण पाघळलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. बाबांना झटका येऊन सहा. तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत आणि मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. दरवर्षी मोठ्या सुट्टीत बाबांना आठ दिवस दादाने न्यायचं असं ठरलं होतं, पण दरवर्षी काहीतरी आडवं येतं. एकदा दादाचं ट्रेनिंग, एकदा त्यांच्या न्हाणीघराची गळती, एकदा वहिनीची कंबर. आणि धाकटीकडे रंगकाम. त्यांचा तरी काय दोष?

टायवाल्याने पेन पुढे केलं. आजच सही केली तर अमुक, उद्या केली तर तमुक. मी म्हटलं, "मी शिवणकाम करते. कापड आधी पाण्यात घालते, आटतं किती बघते, मगच कात्री लावते." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दादा हसून म्हणाला, "आमची मास्तरीण बोलली म्हणजे संपलं. घे बाई, तूच तपास. तू म्हणशील ते." शेवटी चार आठवडे मिळाले, आणि बघण्यासाठी दोन दिवस फुकट राहायला.

निर्णय माझ्यावर! घरात पहिल्यांदाच.

४ मार्च, बुधवार

दुकानात आज काजबटणवाल्या मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं? बाई, मी तर पुढच्या गुरुवारचंही बोलत नाही." त्या काजं करतात, बटणं लावतात आणि माझ्या प्रत्येक बेतावर पाणी ओततात. बावीस वर्षं झाली.

मी कामाला लागले. माझा नियम आहे, जुन्या मापावर शिवायचं नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "तेच माप आहे हो माझं", मी टेप काढतेच. तर मी घरातल्या प्रत्येकासाठी मापवहीतलं एकेक पान फाडलं आणि वर प्रश्न लिहिले. गेल्या पाच वर्षांत कुठे गेलात? कोणत्या महिन्यात? किती दिवस, किती जण? काय आवडलं, काय बोचलं? आपण खरे कसे फिरतो ते कळल्याशिवाय हे सदस्यत्व आपल्याला बसेल की नाही ते कसं सांगणार? धाकटीच्या नवऱ्याला तंबू आणि सायकल हवी, वहिनीला सुट्टीत चमचासुद्धा उचलायचा नसतो, दोन्ही घरच्या चार मुलांना पोहायचंय, बाबांना पायरी चालत नाही. एका कापडात हे सगळं बसवायचं म्हणजे कसब आहे.

पानं द्यायला गेले तर वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या. "इतकं कशाला? सरळ हो म्हण की." वहिनीला मापाचा कंटाळाच आहे म्हणा. दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिसच्या शिबिरासाठी आठ जाकिटं शिवून घेतली. निळं कापड, कडांना पिवळी पायपिंग, आतून अस्तर. माणसं काही आणली नाहीत, चिठ्ठीवर आठ मापं लिहून दिली. तिच्या साहेबांचं पोट हुबेहूब आमच्या दादाच्या पोटाएवढं! कापताना मी मावशींना म्हटलंसुद्धा, ऑफिसात बसून बसून सगळ्यांचे घेर एक होतात बघा. मावशी बटणं मोजत राहिल्या. जाकिटांना चेन होती.

७ मार्च, शनिवार

दादा-वहिनीचं पान आलं. एकच ओळ: "कुठेच नाही. वेळच मिळत नाही." धाकटीच्या पानावरही तेच, फक्त अक्षर वेगळं.

वाचून मला भरून आलं. मी आपली इथे मनातल्या मनात कुढत असते, की मी अडकले आणि हे मोकळे. आणि हे बिचारे पाच वर्षं हललेले नाहीत! माणूस आपल्याच दुःखाला कवटाळून बसतो आणि सख्ख्या भावंडांकडे बघत नाही. लाज वाटली स्वतःची.

बाबांचं मात्र हल्ली वेगळंच चाललंय. हातातला फोन सुटत नाही. मी खोलीत शिरले की पालथा घालतात. ऐंशीव्या वर्षी काय लपवायचं असतं देव जाणे. मी म्हटलं, "प्रेमात पडलात की काय?" हसले नाहीत.

११ मार्च, बुधवार

आज धाकटीची छोटी शाळेतून परस्पर दुकानात आली. अकरा वर्षांची आहे, आईच्या वरताण चटपटीत. "मावशी, आईने मला पान दिलंच नाही, मी ताईच्या वहीतलं फाडून लिहिलं," म्हणाली आणि चार घड्या घातलेला कागद माझ्या हातात कोंबून पळाली.

काय लिहिलंय पोरीने! चार वर्षं, चार सहली. डोंगर, समुद्र, जंगल, तलाव. शेजारी चित्रं. "किती जण" पुढे चारही ठिकाणी आठ. तलावापुढे लिहिलंय, "पाच दिवस. थंडी होती. मामाने होडी उलटवली आणि मामी त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. सर्वात मस्त."

मी हसले आणि मग माझा चेहरा पडला. तलावाची तारीख तिने टाकलीय, दोन वर्षांपूर्वीची मोठी सुट्टी. तेव्हा तर धाकटीकडे रंगकाम चालू होतं. मला पक्कं आठवतंय, कारण रंगाचा वास बाबांना सोसणार नाही म्हणूनच त्यांना तिकडे नेलं नव्हतं. म्हणजे पोरीने हे सगळं मनातलं लिहिलंय. कुठे न्यायचं नाही आणि काही नाही, मग मूल काय करणार? बसल्या जागी सहली रचणार. होडीसकट!

मावशींना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "पोर हुशार आहे." मग उगाचच चहा आणायला गेल्या, चहा टेबलावर असताना.

माझं जवळजवळ ठरलंय. या मुलीसाठी तरी हो म्हणायचं.

१२ मार्च, गुरुवार

टायवाल्याला फोन करून बावीस प्रश्न विचारले. शाळेच्या सुट्टीतले आठवडे 'सोनेरी हंगामा'त येतात, सहा महिने आधी मागावे लागतात. एरवीचा तो 'निळा हंगाम'. ठिकाण बदलता येतं, पण जागा असेल तर. दरवर्षी देखभालीचे पैसे भरायचे, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. हे शेवटचं त्याने खोकत खोकत सांगितलं.

मी विचारलं, "समजा, बाबांमुळे मला एखाद्या वर्षी जमलंच नाही, तर माझे दिवस बुडाले?"

"छे छे मॅडम, अजिबात काळजी नको. तुमच्या दादांनी पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारलाय. तुमच्या हिश्श्याचे दिवस त्यांना वापरता येतील."

बघा. माझे दिवस बुडू नयेत म्हणून दादा पहिल्या दिवशी विचारून आला. आणि मी त्याला अप्पलपोटा म्हणत आले लहानपणापासून.

१६ मार्च, सोमवार

सगळ्यांची पानं झाली, माझं कोरं आहे. कुठे जायला आवडेल? सुचेना. कुणी विचारलंच नाही कधी, त्यामुळे उत्तर तयार ठेवलेलं नाही. शेवटी बाबांना विचारलं, "मला काय आवडतं हो?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पाणी. लहानपणी तुला नळाखालून ओढून काढावं लागायचं." मग एकदम, "तू त्या दोन दिवसांना जाऊ नकोस."

"का?"

"उगाच. दगदग."

मी भडकले. सहा वर्षांनी दोन दिवस निघाले तर ह्यांना दगदग सुचते! मावशी येऊन राहणार आहेत, गोळ्यांच्या पुड्या बांधून ठेवल्यात, न्हाणीघरातलं स्टूल पुसून ठेवलंय, अजून काय हवं? नको ते बोलले. मग पाय चेपून दिले. राग आला की मी पाय जोरात चेपते, त्यांना ते आवडतं.

२१ मार्च, शनिवार

आले! रिसॉर्टवरच्या खोलीत बसून लिहितेय. पलंगावर हंस आहे, खरोखरचा हंस, म्हणजे टॉवेलचा. मी तो मोडला नाही, उचलून खुर्चीवर ठेवला.

निघताना कात्री दारामागच्या खुंटीलाच राहू दिली. ती मोठी, आईने घेऊन दिलेली. कुणाच्या घरी पडदे मोजायला गेले तरी मी ती पिशवीत घालते, तिच्याशिवाय कामाला म्हणून बाहेर पडतच नाही. बाबा दारापर्यंत वॉकर घेऊन आले, खुंटीकडे बघितलं आणि म्हणाले, "आज सुट्टीवर आहे वाटतं कात्री." रस्ताभर हात हलका हलका वाटत होता.

इथली माणसं भारी तयारीची आहेत. काउंटरवरचा माणूस दादाला बघताच उभा राहिला, "या या सर! पुन्हा स्वागत! होडी या वेळी सांभाळून!" मी दादाला म्हटलं, "बघितलंस? सगळ्यांनाच असं म्हणत असतील, जुनी ओळख असल्यासारखं." दादा म्हणाला, "हो, धंदा आहे त्यांचा," आणि बॅगा घेऊन भराभर पुढे गेला. वहिनीने त्या माणसाकडे असं बघितलं, की तो खालीच बसला.

होडीचं त्याला कसं सुचलं कोण जाणे. खोलीच्या खिडकीतून तलाव दिसतो, त्यामुळे असेल. पाणी इतकं शांत आहे की

धाकटी जेवायला बोलावतेय. उरलेलं नंतर.

२२ मार्च, रविवार

कालचं वाक्य अर्धं राहिलंय. राहू दे.

जेवणाच्या हॉलमध्ये एका भिंतीवर पाहुण्यांचे फोटो लावलेत. वर पाटी, 'आमचे लाडके पाहुणे'. सूप येईपर्यंत मी बघत उभी होते. तिसऱ्या ओळीत आठ जण होडीच्या धक्क्यावर उभे. मी माणसं बघितलीच नाहीत. माझी नजर आधी कपड्यावर जाते. निळं जाकीट, पिवळी पायपिंग. कॉलरच्या टोकाला पायपिंग न कापता वळवलेली. तसं या शहरात दुसरं कुणी करत नाही, फार वेळ जातो त्यात. मला आधी आनंदच झाला, अगं बाई, माझं काम भिंतीवर! मग मी चेहरे बघितले.

साहेबांचं पोट दादाचंच होतं.

आठही जाकिटं मी कापली. आठही मापं माझ्या हाताखालून गेली. खांदा कुणाचा, घेर कुणाचा, हे माझ्या बोटांना तेव्हाच कळलं होतं आणि मी बोटांना गप्प बसवलं. छोटीची बाही तर मी चिठ्ठीत होती त्याहून बोटभर लांब ठेवली होती, "मूल असेल कुणाचं, वाढतं अंग असेल" म्हणून!

मागे धाकटी येऊन उभी राहिली. तिने फोटो बघितला आणि माझा दंड धरला. "ताई, ऐक ना..."

"किती वेळा?"

"चार."

छोटीने खरं लिहिलं होतं. त्या घरात खरं लिहिणारी तेवढी एकच.

टेबलावर गेले. दादाला विचारलं, "ट्रेनिंग कसं झालं रे, होडीवरचं?" त्याचा चमचा हातातच राहिला. मग सुरू झालं. "तुला वाईट वाटलं असतं म्हणून सांगितलं नाही."

"आणि आता काय होतंय मला? गुदगुल्या?"

वहिनी म्हणाली, "बाबांना सोडून तू येणार नव्हतीस. मग सांगून उपयोग काय?"

"एकदा विचारून बघायचं होतं. नाही म्हणायचा मान तरी मला द्यायचा होता." आजूबाजूची टेबलं बघायला लागली. बघू दे. "आणि बाबांचे आठ दिवस? ते कुणी न्यायचे होते? गळती, कंबर, रंगाचा वास! मी तुमच्या गळतीची विचारपूस करायला डबा घेऊन आले होते, दाराला कुलूप बघून माघारी गेले, वाटलं प्लंबर शोधत फिरत असतील बिचारे!"

धाकटी रडायला लागली. "मी म्हणत होते ताईला सांगू या म्हणून."

"कधी?"

"दरवर्षी."

"जाकिटं तरी दुसरीकडे शिवायचीत," मी वहिनीला म्हटलं.

ती खाली बघत म्हणाली, "तुझ्यासारखं कुणी शिवत नाही." आणि ते तिने खरं सांगितलं, हेच मला सोसवलं नाही.

मग या वेळी 'तूसुद्धा' कशाला? तेही कळलं. दादाने कबूल केलं. दोन घरांच्या सदस्यत्वात आठ जणांना पुरेल एवढी मोठी जागा मिळत नाही, तीन घरं लागतात. माझे दिवस वापरता येतील का, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते मला ठाऊकच होतं. मी त्याचं कौतुक केलं होतं, या डायरीत, पेनाने.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुपारची बस धरून एकटी घरी आले.

२३ मार्च, सोमवार

बाबांना काल काहीच बोलले नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, तीन मुलांपैकी दोघांनी फसवलं हे ऐकून खचतील. आज सकाळी दाढी करून देताना मात्र तोंडून निघालंच. फोटो, जाकिटं, चार सहली, सगळं.

बाबा साबण लावलेल्या गालांनी आरशात माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तलावाचा फोटो माझ्याकडे आहे."

माझ्या हातात वस्तरा होता. मी तो बाजूला ठेवला.

"पाठवायचे ते. तू दुकानात असायचीस तेव्हा फोनही करायचे."

"चार वर्षं?"

"हो."

"आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण तू चिडली असतीस, आणि चिडून मला दादाकडे नेऊन सोडलं असतंस. तिथे मी पाहुणा. कॉट दिवाणखान्यात, सगळे हळू आवाजात बोलतात. इथे मी घरात असतो." मग म्हणाले, "मला माझी सोय बघावी लागली."

'तुझ्या भल्यासाठी' म्हणाले असते तर मी वाटी फेकून मारली असती. त्यांनी खरं सांगितलं. खरं ऐकून बरं वाटतं असं कुठे आहे? दादाने फसवलं, त्याचा राग आला. धाकटीने फसवलं, रडू आलं. पण मी ह्यांचं स्टूल पुसते, ह्यांची नखं कापते, ह्यांना घास गिळता येतोय ना म्हणून समोर बसून माझं ताट गार करते. सगळ्यांनी मिळून एक चादर धरली होती आणि चौथं टोक ह्यांच्या हातात होतं.

उरलेली अर्धी दाढी केली. अर्धी ठेवता येत नाही.

२९ मार्च, रविवार

चार आठवडे संपले. दादाच्या घरी जाऊन निकाल सांगितला. कुणाला वाटलं नव्हतं मी येईन. टायवालासुद्धा होता, नवीन पेन घेऊन.

मापवहीत जपून ठेवलेलं छोटीचं पान मी वाचून दाखवलं. "चार वर्षं, दर वेळी तेच आठ जण, दर वेळी मोठी सुट्टी, दर वेळी पाच-सात दिवस. तुम्हाला वाटतं तुमच्या आवडी वेगवेगळ्या आहेत, पण सायकलवाला सायकल चालवत नाही, होडीत बसतो. तुम्ही एकाच साच्यात फिरता. हे सदस्यत्व तुम्हाला अंगासरशी बसतं. जागा कमी पडली तर दोन खोल्या घ्या. सहा महिने आधी मागा, आणि देखभालीचं नीट वाचून घ्या, तिथे हा खोकतो." टायवाला खरंच खोकला.

"आणि तू?" दादाने विचारलं.

"मी यात नाही. माझं माप तुम्ही घेतलेलंच नाही."

धाकटी उठून जवळ यायला लागली. मी पिशवी उचलली. छोटी दारात उभी होती, घाबरलेली, आपण काय केलं म्हणून. तिला म्हटलं, "तुझं अक्षर सुंदर आहे." एवढंच जमलं.

८ एप्रिल, बुधवार

दादाला फोन केला. सांगितलं, बाहेरगावी एका मोठ्या हॉलच्या पडद्यांचं काम मिळालंय, सहा दिवस लागतील, बाबांना तुमच्याकडे ठेवायचंय. तो म्हणाला, "त्याच आठवड्यात आमचं..." आणि वाक्य अर्धंच टाकून, "बरं. आण."

पडदे नाहीत, हॉल नाही. खरं सांगितलं असतं तरी आता तो नाही म्हणू शकला नसता. मग खोटं का बोलले? मावशींनीही तेच विचारलं. मी सांगितलं ते इतकंच, की खरं सांगावं असं त्यांच्यापैकी कुणी मला वाटेना.

१३ एप्रिल, सोमवार

माझं पान भरलं आज. कुठे: पाणी. किती दिवस: सहा. किती जण: एक. काय आवडलं: सकाळी उठवायला कुणी नव्हतं. काय बोचलं: तरी सहालाच जाग आली.

हे त्या कंपनीचं रिसॉर्ट नाही. साधं लॉज आहे, मालकीणबाई स्वतः चादरी बदलते. टॉवेल टॉवेलसारखा. खिडकीखाली समुद्र आहे. काल गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिले, साडी भिजली. शेजारी एक बाई मुलाला ओढून काढत होती आणि ते येत नव्हतं.

चहाच्या वेळी दादाचा फोन आला. आवाज दमलेला. संध्याकाळची अर्धी गोळी कोणती, पांढरी की गुलाबी? स्टुलावरून उठवताना आधी कुठला हात धरायचा? सगळं नीट सांगितलं. "काम कसं चाललंय?" म्हणाला.

"जोरात. पडदे मोठे आहेत." एकदाही जीभ अडखळली नाही. इतकं सोपं असतं हे? मला वाटायचं, चार वर्षं खोटं बोलताना ह्यांना काही कष्ट पडले असतील.

मग त्याने बाबांकडे फोन दिला. बाबा मोठ्याने म्हणाले, "हो हो, पडद्यांचं काम म्हणजे खायचं काम नाही!" दादाची पावलं लांब गेल्यासारखी वाटली. मग हळू आवाजात, "पाणी दिसतं का खोलीतून?"

"कसलं पाणी?"

"कात्री खुंटीवरच होती तुझी. मी निघताना बघितली."

खालून लाटांचा आवाज त्यांना जात असणार.

"दिसतं," मी म्हटलं.

"छान. मी दादाला काही बोललो नाही. बोलणारही नाही."

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. वाटलं, आले एकदाचे माझ्या बाजूला! चहा संपेपर्यंत हसत होते. मग कप तसाच हातात राहिला. आज त्यांना आंघोळ दादाने घातली असेल. गोळी दादा देणार, पाठीशी उशी दादा लावणार. आणि त्याच्याच घरात बसून, त्याच्याच फोनवर, ते त्याला फसवत होते. सहज. सवय असल्यासारखं.

जो सांभाळतो, त्याला बाबा काही सांगत नाहीत. माझ्याकडे ते सहा वर्षं आहेत.